सत्यशोधक विचार आणि आपला सीमाभाग



बुद्धिप्रामाण्याचा विचार युरोपातून आला, असे सर्रास म्हटले जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी थॉमस पेनचे ग्रंथ वाचले होते, हे खरेच आहे. परंतु 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात त्यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाची भाषा शेतकऱ्याची होती. निर्मिक आणि मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थ नको, जन्मावरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही आणि कोणताही ग्रंथ चिकित्सेच्या पलीकडे नाही, ही त्याची सूत्रे. पुरोहितावाचून लावलेले लग्न म्हणजे या सूत्रांचा निरक्षरालाही समजणारा पाठ होता.

हा विचार आपल्या परिसरात आला तो कोल्हापूरच्या वाटेने. निपाणी तेव्हा मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात होती आणि वेशीपलीकडे कागल, म्हणजे करवीर राज्य. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या नोकऱ्या राखून ठेवल्या, 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि 1918 मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. या शेवटच्या सुधारणेचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. गावचे दप्तर वंशपरंपरेने एकाच घराकडे असेल, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या कुणब्याला आपल्या जमिनीची नोंद पारखून घेता येत नाही. सत्य शोधण्यासाठी आधी अक्षर हवे आणि दप्तरही हाती हवे, हे महाराजांनी ओळखले होते.

1919 च्या सुधारणा कायद्यान्वये मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या आणि चळवळ राजकारणात उतरली. महाराजांचे सहकारी व पुढे त्यांचे चरित्रकार झालेले बेळगावचे वकील अण्णासाहेब लठ्ठे 1937 मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. अवघ्या दोन पिढ्यांत घडलेले हे परिवर्तन सामान्य नव्हे.

तथापि सत्तेची वाट सापडल्यावर चिकित्सेची धार बोथट झाली, हेही इतिहासाला नमूद करावे लागते. ब्राह्मणेतर म्हणविणाऱ्यांच्या घरातही अस्पृश्यता शिल्लक होतीच. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. सवर्ण सुधारकांच्या सदिच्छेवर विसंबून न राहता दलितांनी आपला प्रश्न आपल्याच व्यासपीठावरून मांडला. फुल्यांनी विचारलेला प्रश्न येथे पुन्हा, अधिक खालच्या पायरीवरून, विचारला गेला.

सर्वांत खालची पायरी होती यल्लम्माला सोडलेल्या मुलींची. मुंबई सरकारचा देवदासी संरक्षण कायदा 1934 चा. तरीही कर्नाटकाला 1982 मध्ये नवा प्रतिबंधक कायदा करावा लागला. मधल्या 48 वर्षांत प्रथा कायद्याला बधली नाही. गडहिंग्लज-निपाणी परिसरातील कार्यकर्त्यांनी देवदासींच्या परिषदा भरवल्या, त्यांना बोलते केले, तेव्हा कोठे कायद्याला मागणी आणि साक्षीदार मिळाले.

हे कार्य संपलेले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 2013 मध्ये पुण्यात हत्या झाली. 2015 मध्ये कोल्हापूरचे गोविंद पानसरे आणि धारवाडचे डॉ. एम. एम. कलबुर्गी यांनाही प्राण गमवावे लागले. ज्या दोन शहरांच्या मध्ये आपण राहतो, त्या दोन्ही शहरांत प्रश्न विचारणाऱ्यांचे रक्त सांडले. पुढे अंधश्रद्धाविरोधी कायदे महाराष्ट्रात 2013 मध्ये व कर्नाटकात 2017 मध्ये झाले. राज्यांची सीमा कोठे असावी यावर आपले मतभेद आहेत आणि राहतील. पण या परंपरेने मराठी व कन्नड असा भेद कधी केला नाही.

शाळेने विद्यार्थ्याला उत्तरे पाठ करून द्यावीत, त्याचबरोबर 'हे कशावरून?' असे गुरुजींनाही विचारण्याची मुभा द्यावी. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या अध्यापनाला याहून उचित वंदन मला सुचत नाही.