थर्मामीटर, भंगार आणि कपाटातला ऑक्सिमीटर

2021 च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिमीटरसाठी आपण केमिस्टचे उंबरे झिजवले होते, आठवतंय? मिळेल त्या भावाने घेतला. आता तो कुठंय? बघा जरा, औषधांच्या डब्यात तळाशी असेल. सेल आतच राहून पांढरी पावडर धरलेली. शेजारी जुना ग्लुकोमीटर, बीपीचं बंद मशीन.

ते भंगारात देण्याआधी कोडाईकनालचा इतिहास वाचा.

1983 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउनहून पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना उचलून तमिळनाडूच्या या थंड हवेच्या गावात आणला गेला. आधी पॉण्ड्सचा, पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे गेला. पारा आणि काच बाहेरून यायची, तयार थर्मामीटर अमेरिकेला जायचे. आपल्याकडे उरायचा फुटका माल. मार्च 2001 मध्ये गावातल्या एका भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या काचेच्या गोण्या सापडल्या, सात टनांहून जास्त! लोक रस्त्यावर उतरले, कारखाना बंद झाला. कारखान्यामागच्या जंगलातही कचरा टाकलेला होताच. पण माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट भंगाराच्या दुकानातली आहे. कारण घरोघरी आपणही तेच करतो: किलोवर विकायचं आणि विसरायचं.

2003 मध्ये सुमारे 290 टन पारायुक्त कचरा तुतिकोरिन बंदरातून परत अमेरिकेला, पेनसिल्व्हेनियातल्या पुनर्प्रक्रिया कारखान्यात पाठवला गेला. म्हणजे जिथला माल तिथे परत. लोकांनी रेटा लावला म्हणून झालं. 591 माजी कामगारांशी समझोता व्हायला मात्र 2016 उजाडलं.

पुढे मिनामाता करारामुळे जगभर पाऱ्याचे थर्मामीटर मागे पडले, डिजिटल आले. पारा गेला, पण बटन सेल आणि सर्किट बोर्ड आले. असे बोर्ड सीलमपूर, मुरादाबादसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळले जातात, ॲसिडमध्ये बुडवले जातात. धूर कोण गिळतं? तिथलीच माणसं.

1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत वैद्यकीय उपकरणंही आली आहेत. 2016 च्या यादीत ती नव्हती. वापरून झालेला माल रीतसर पुनर्प्रक्रियेला जाईल हे बघणं आता उत्पादकाची जबाबदारी आहे. पण आपण दिलंच नाही तर तो काय गोळा करणार, कपाळ?

तेव्हा एवढं करा. सेल काढून वेगळे ठेवा. बटन सेलवर चिकटपट्टी लावा आणि लहान पोरांपासून लांब ठेवा, गिळला तर जिवावर बेततं. मोबाईलला जोडलेलं मशीन असेल तर आधी आपली माहिती पुसा. ग्लुकोमीटरच्या सुया-पट्ट्या यात टाकू नका, त्या वेगळ्या बांधून खूण करून द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्था ई-कचरा गोळा करते. इतरत्र नगरपालिकेत केंद्र विचारा, नसेल तर लेखी मागा. सोसायटीत किंवा गणेश मंडळात एक खोका ठेवला तर एकाच खेपेत पन्नास घरांचं काम होतं.