‘टेम्पो’ या शब्दामागील वाहन : तीनचाकी मालवाहकांची ओळख व ग्रामीण इतिहासलेखन

मराठवाड्यातील खेड्यांच्या दळणवळणाचा इतिहास बव्हंशी मौखिक साधनांवर आधारावा लागतो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावी शेतमाल बैलगाडीतून मोटारीवर केव्हा गेला, असे विचारल्यास ‘टेम्पो आला तेव्हापासून’ असे उत्तर सहज मिळू शकते. अभ्यासकाची अडचण या उत्तरापासूनच सुरू होते. कारण हा टेम्पो नेमका कोणता, हे शब्दावरून कळत नाही.

‘टेम्पो’ हे मुळात हॅम्बुर्ग येथील विडाल कंपनीच्या वाहनांचे विशेषनाम होय. तिच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारातून १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. प्रारंभी मुंबईतील गोरेगाव येथे व पुढे पुण्याजवळील आकुर्डीत ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी गाडी तयार होऊ लागली. कंपनीच्या नावातील ‘टेम्पो’ हा शब्द २००५ मध्ये गेला, बोलीतील मात्र गेला नाही. दरम्यान १९६९ ची चारचाकी मॅटाडोर आणि १९८६ ची टाटा ४०७ याही लोकांच्या लेखी टेम्पोच ठरल्या. हा शब्द आज फार तर भाराचे प्रमाण सांगतो. चाकांची संख्यादेखील सांगत नाही.

म्हणून निजामी राजवटीत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पूर्वी, गावात टेम्पो येत असल्याचे कोणी सांगितल्यास तो भारतात बनलेला टेम्पो असणे शक्य नाही. याचा अर्थ निवेदक असत्य बोलतो असा नव्हे. नंतर रूढ झालेला शब्द त्याने आधीच्या एखाद्या मोटारीस लावलेला असतो, आणि आठवण टाकून न देता तो शब्द तेवढा बाजूला ठेवणे इष्ट.

छायाचित्र उपलब्ध असल्यास गाडीची ठेवण अधिक विश्वसनीय ठरते. हॅन्सीटचे नाक लांब व गोलसर असून त्याखाली एकच चाक असते. सुमारे ४०० घनसेंटिमीटरचे द्विघाती, दोन सिलिंडरांचे इंजिन याच चाकाच्या वर बसवलेले असते आणि गती पुढच्याच चाकास मिळते. मागची दोन चाके केवळ भार वाहतात. फ्रान्समध्ये व्हिलार कंपनीच्या १९२० व १९३० च्या दशकांतील लहान मालवाहू गाड्यांतही पुढचे एकटे चाकच चालक होते, त्यामुळे ही रचना केवळ जर्मन म्हणता येत नाही. चालकाच्या हाती मोटारीसारखे गोल सुकाणू असणे ही हॅन्सीटची आणखी एक खूण.

याउलट बजाज ऑटोची तीनचाकी इटलीतील पिआज्जिओच्या ‘आपे’ या गाडीच्या वंशातील. तिला स्कूटरचा दांडा असतो, लांब नाक नसते आणि गती मागच्या चाकांना मिळते. लॅम्ब्रेटाच्या वंशातील तीनचाकीही दांड्याचीच. त्यामुळे या दोहोंत फरक करताना नाममुद्रा वाचता आली तरच निर्णय द्यावा. ‘आपे’ म्हणजे इटालियन भाषेत मधमाशी. पिआज्जिओने बारामतीत उत्पादन सुरू केल्यावर हेही नाव ‘ॲपे’ या रूपाने मराठवाड्यात सामान्यनाम झाले, म्हणजे टेम्पोचाच प्रकार पुन्हा घडला.

क्रमांकपट्टीचा आधार मर्यादित आहे. एमएच-२२ परभणीचा व एमएच-३८ हिंगोलीचा संकेत. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे एमएच-३८ ही नोंद त्यापूर्वीची असू शकत नाही. तथापि गाडी मात्र असू शकते. जुनी वाहने हस्तांतरित होऊन नव्याने नोंदवली जातात, आणि पट्टी त्या नोंदीचा काळ सांगते, गाडीच्या जन्माचा नव्हे.