परागकणांनी जपलेली उन्हाची नोंद

वसंतात पाइन वृक्षांवरून परागकण पिवळ्या धुळीसारखे उडतात. वाऱ्यावर तरंगणाऱ्या या कणांना सावली नसते. आतील जनुकीय द्रव्याचे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील-बी किरणांपासून रक्षण करायचे, तर ते कवचालाच करावे लागते. हे कवच स्पोरोपोलेनिन या विलक्षण चिवट पॉलिमरचे असते. त्यात पॅरा-कुमॅरिक व फेरुलिक आम्लांसारखी, अतिनील किरण शोषणारी संयुगे गुंफलेली असतात. झाडावर हे किरण अधिक पडले, की कवचातील या संयुगांचे प्रमाण वाढते.

स्पोरोपोलेनिन आम्लांनाही सहसा दाद देत नाही. त्यामुळेच त्याची रेणुरचना दीर्घकाळ गूढ राहिली. ती उलगडणारे संशोधन 'नेचर प्लांट्स'मध्ये प्रसिद्ध झाले, तेही पाइनच्याच परागकणांवरून.

हाच चिवटपणा इतिहासाच्या कामी आला. मातीत हजारो वर्षे पडूनही कवच टिकते आणि त्यातील संयुगे अवरक्त वर्णपटमापनाने मोजता येतात. २०११ मध्ये कॅथरीन विलिस व सहकाऱ्यांनी नॉर्वेतील पाइनच्या जीवाश्म परागकणांवरून सुमारे साडेनऊ हजार वर्षांतील अतिनील-बी किरणांचे चढउतार मांडले. कोणतेही उपकरण नसलेल्या काळातील उन्हाचे ते मोजमाप होते.

२०२३ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस'मधील शोधनिबंधाने हीच पद्धत २५ कोटी वर्षे मागे नेली. दक्षिण तिबेटच्या खडकांतील सुमारे ८०० परागकण त्यासाठी अभ्यासले गेले. हे कण पाइनसारखेच, दोन वायुकोश असलेले होते. त्या काळी हा भूभाग गोंडवन महाखंडात, भारतीय भूखंडाच्या उत्तर सीमेवर होता. पर्मियन युगाच्या अखेरीस ८० टक्क्यांहून अधिक सागरी प्रजाती नष्ट झाल्या. नेमक्या त्याच काळातील परागकणांत संरक्षक संयुगे वाढलेली आढळली. सायबेरियातील प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांतून निघालेल्या वायूंनी ओझोनचा थर विरळ केला असावा, या तर्काला त्यामुळे थेट रासायनिक आधार मिळाला. संशोधकांच्या मते या संरक्षणाची किंमतही होती. अशी संयुगे वाढली की वनस्पती पचायला जड होतात, आणि त्याची झळ तृणभक्षक प्राण्यांना पोहोचते.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगासमोर आले आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. या वेळी थर विरळ करणारे वायू मानवनिर्मित होते, म्हणून ते थांबवणेही मानवाच्या हाती होते. पर्मियन काळातील वनस्पतींपुढे असा पर्याय नव्हता. त्यांना केवळ आपले कवच बळकट करता आले.