पेंटेलिकचा दगड आणि पांढऱ्या रंगाचा हट्ट

मागच्या वेळी आपण पारोस बेटावरच्या संगमरवराबद्दल बोललो. आज अथेन्सच्या घरच्या दगडाकडे वळू. शहराच्या ईशान्येला साधारण 16 किलोमीटरवर पेंटेलिकॉन डोंगर आहे. त्याच्या पोटातून निघाला तो पेंटेलिक संगमरवर.

इ.स.पू. 447 मध्ये पार्थेनॉनचं काम सुरू झालं आणि 432 पर्यंत शिल्पांसकट पुरं झालं. खांब, भिंती, शिल्पं, सगळं पेंटेलिकचं. छपराची कौलं मात्र पारोसच्या दगडाची. या बांधकामाचे हिशेब अथेन्सकरांनी दगडावरच कोरून ठेवले. त्यांत खाणीतले पाथरवट, रस्ता करणारे, गाड्यांवर दगड चढवणारे यांची मजुरी नोंदलेली आहे. म्हणजे बघा, देवळाच्या खर्चात डोंगरापासूनची वाटही धरलेली होती!

आता या दगडाचा स्वभाव. कण बारीक, त्यामुळे कोरीव कामाची धार नेमकी येते. पण त्यात थोडं लोह असतं. खाणीतून निघतो तेव्हा तो पांढरा. हवा-पाऊस लागला की शतकांच्या ओघात त्यावर मधासारखी सोनेरी झाक चढते. ती झाक म्हणजे मळ नव्हे, दगडाचं वय आहे.

आणि नेमकं इथेच आपण, म्हणजे नंतरच्या जगाने, घोळ घातला. एल्गिनच्या माणसांनी काढून नेलेली पार्थेनॉनची शिल्पं ब्रिटिश म्युझियमकडे आली 1816 मध्ये. 1930 च्या दशकात त्यांच्यासाठी नवं दालन बांधलं जात होतं. त्याला पैसा देणारे लॉर्ड डुवीन यांना शिल्पं पांढरीशुभ्र हवी होती. 1937-38 मध्ये काही शिल्पं धातूच्या हत्यारांनी खरवडली गेली. संग्रहालयाच्या लक्षात आल्यावर काम थांबलं, चौकशी झाली. पण गेलेला थर परत येत नाही.

गंमत अशी की मुळात ही शिल्पं पांढरी नव्हतीच. ग्रीक लोक ती रंगवत असत. 2009 मध्ये त्याच शिल्पांवर ‘इजिप्शियन निळ्या’ रंगाचे अंश सापडले, डोळ्यांना न दिसणारे. म्हणजे जो पांढरा रंग ‘परत आणायचा’ होता, तो कधी नव्हताच.

दुसरी चूक अथेन्समध्येच झाली. प्राचीन कारागीर दोन दगड लोखंडी आकड्यांनी जोडत आणि भोवती वितळलेलं शिसं ओतत, त्यामुळे लोखंड गंजत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या डागडुजीत लोखंड आलं, पण शिसं राहिलं. लोखंड गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून फुटला. 1975 मध्ये नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली ते आकडे काढून टायटॅनियमचे बसवण्याचं काम सुरू झालं. तुटलेल्या जागी नवा दगड जोडतात, तोही पेंटेलिकॉनचाच. नवा तुकडा पांढरा, जुना सोनेरी. फरक उघड दिसतो आणि तो मुद्दाम तसाच ठेवतात. कुठलं काम प्राचीन आणि कुठलं आपलं, हे पाहणाऱ्याला कळलं पाहिजे.

हा धडा फक्त ग्रीसपुरता आहे का? जुनी वास्तू ‘स्वच्छ’ करायला हात लावण्याआधी एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे: समोर आहे तो मळ, की त्या दगडाचं वय?