षष्ठीतले आडनाव

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या सुमारास उभे राहावे आणि टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या माणसांना आडनावे विचारावीत. येमुल, गाजुल, सामल, बत्तुल, गुर्रम, गड्डम, चिट्याल, इप्पलपल्ली, मामड्याल. हीच नावे वसाहतीच्या अलीकडे, शहराच्या पूर्व विभागात, दारोदारी दिसतात. पुण्याच्या महाविद्यालयात हजेरी घेताना यांतले एखादे आले तर प्राध्यापक क्षणभर अडखळतो आणि 'हे कुठले?' असे विचारतो. आमच्याकडे वर्गात एकाच आडनावाची चार-चार मुले असतात. दुर्मीळ आडनाव म्हणजे काय, हे असे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते.

जर्मनीत आडनावांच्या प्रसाराचा मोठा नकाशासंग्रह २००९ पासून खंडशः प्रसिद्ध झाला. त्याला आधार होता २००५ सालच्या दूरध्वनी-जोडण्यांचा. एखादे विरळ आडनाव कोणत्या खोऱ्यात दाट आहे हे नकाशावर पाहिले की बहुधा त्याचे मूळ त्याच परिसरात सापडते, अशी या अभ्यासातली एक प्रचलित वाट आहे. ती सोलापूरला लावली तर मात्र आपण फसू. महाराष्ट्राच्या नकाशावर 'येमुल'चा ठिपका सोलापुरातच गडद होईल, पण त्या नावाचे मूळ तेथे नाही. ते तीनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, तेलंगणात आहे. येथील दाटी उगमाची नसून मुक्कामाची आहे.

मुक्कामाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८६० साली सोलापूरपर्यंत रेल्वे आली, १८७६–७८ चा दुष्काळ पडला आणि त्याच काळात, १८७७ मध्ये, येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. निजामाच्या राज्यातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून पद्मशाली विणकर येत राहिले. कोणी गिरणीत शिरले, कोणी घरी माग मांडला. हातमागाची जागा पुढे यंत्रमागाने घेतली आणि बायकांच्या हाती विडीचे सूप आले. येताना सामान फारसे नव्हतेच. घराचे नाव तेवढे सोबत आले.

'घराचे नाव' हे शब्दशः घ्यावे. तेलुगूत आडनावाला 'इंटिपेरु' म्हणतात. 'इल्लु' म्हणजे घर, 'इंटि' म्हणजे घराचे, 'पेरु' म्हणजे नाव. खुद्द या शब्दातच षष्ठी दडलेली आहे, आणि आमच्या मते सोलापूरच्या आडनावांचे सारे कोडे या विभक्तीत आहे. तेलुगूत 'गाजुलु' म्हणजे बांगड्या आणि 'गाजुल' म्हणजे बांगड्यांचा. 'चिंतलु' म्हणजे चिंचा, 'चिंतल' म्हणजे चिंचांचा. कडुलिंबाला जुना शब्द 'वेमु'. त्याचे अनेकवचन 'वेमुलु' आणि त्याची षष्ठी 'वेमुल', म्हणजे लिंबांचा. हे शब्द स्वतंत्र उभे राहत नाहीत. षष्ठीला पुढे नाम लागते, आणि तेलुगूत ते मिळते, कारण तेथे घराचे नाव आधी व माणसाचे नंतर येते. 'वेमुल अमुकअमुक' याचा अर्थ लिंबांच्या घरचा अमुक. शब्दक्रम आणि विभक्ती हातात हात घालून चालतात.

वाचकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. आपणही बोलताना 'पाटलांचा गणू', 'देशपांड्यांची सुमन' असेच म्हणतो. तेथेही घर आधी, आणि तेही षष्ठीत. जर्मनीच्या काही बोलींतही खेड्यातली माणसे 'म्युलरांचा पेटर' या धाटणीने बोलतात. फरक इतकाच की आपण लिहायला बसलो की गणूला पुढे काढतो, वडिलांना मध्ये घालतो आणि पाटलांना शेवटी ढकलतो. जे आपण केवळ बोलतो ते तेलुगूने लिहिलेही.

आता हा लिंबांचा माणूस सोलापुरात आला. शाळेच्या रजिस्टरात, गिरणीच्या मस्टरवर, नगरपालिकेच्या नोंदीत मराठी रीत होती: नाव, बापाचे नाव, आडनाव. 'वेमुल' उचलून शेवटी ठेवले गेले. षष्ठी वाक्याच्या काठावर आली आणि तिच्यापुढे काहीच उरले नाही. 'लिंबांचा', पण लिंबांचा कोण? तो तर दोन शब्द मागे राहिला. त्यात मराठी उच्चारात शब्दान्तीचा अकार लोपतो. तेलुगूतला 'गाजुल' तीन अक्षरी पूर्ण उच्चारला जातो, आपण 'गाजुल्' म्हणून थांबतो. जो प्रत्यय संबंध सांगत होता त्याचा केवळ एक लकार शिल्लक राहिला. मराठी कानाला तो आडनावाचा एखादा ठेवणीतला शेवट वाटू लागला, आपल्या '-कर'सारखा. खरे '-कर'चे भावंड शोधायचे तर ते 'चिट्याल', 'इप्पलपल्ली' यांत आहे. चिट्याल हे गावाचे नाव आहे, इप्पलपल्ली म्हणजे मोहांची वाडी. मराठीत असते तर चिट्यालकर झाले असते. तेलुगूला '-कर'ची गरज पडली नाही, गावच माणसाच्या आधी उभे राहिले.

'वेमुल'चे 'येमुल' कसे झाले, हाही प्रश्न विद्यार्थी विचारतात. तेलंगणाच्या बोलीत शब्दारंभीचा 'वे' अनेकदा 'ये'कडे झुकतो. वेमुलवाडा या प्रसिद्ध शिवक्षेत्राला तिकडची माणसे बोलताना 'येमुलाडा' म्हणतात. तेलंगणात लिहिताना प्रमाण रूप 'वेमुल' हेच बहुधा टिकले. सोलापुरात मराठी कारकुनाने जे ऐकले ते लिहिले. परिणामी बोलीतले रूप गावापेक्षा परगावात अधिक नेमकेपणाने नोंदले गेले. प्रमाणलेखनाच्या आग्रहापासून दूर गेल्यावर बोली सुरक्षित राहते, याचे इतके साधे उदाहरण आम्हाला दुसरे ठाऊक नाही.

वेमुलवाडा हे गाव साहित्याच्या अभ्यासकाला परके नसावे. दहाव्या शतकात तेथील चालुक्य राजा दुसरा अरिकेसरी याच्या आश्रयाला पंप होता, कन्नडचा आदिकवी. पुढे ९६६ सालच्या परभणी ताम्रपटात तिसऱ्या अरिकेसरीने सोमदेवसूरीला दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्यात या नगराचे नाव 'लेंबुलपाटक' असे येते. मराठी वाचकाला त्यात लिंब दिसल्यावाचून राहत नाही. मात्र प्रत्येक येमुल वेमुलवाड्याचा, असे कोणी समजू नये. लिंब पुष्कळ गावांत होते. हे आडनाव एकाच जातीचेही नव्हे. तेलुगू प्रदेशात ते अनेक जातींत आढळते, आणि सोलापुरात ते पद्मशालींशी जोडले गेले ते स्थलांतर विणकरांचे होते म्हणून.

इंटिपेरूचे दुसरे एक वळण सांगितले पाहिजे. आधी येणारे हे नाव तेलुगूत लिहिताना बहुधा एका अक्षरावर आणतात. पी. व्ही. नरसिंह राव यांचे 'पी' म्हणजे पामुलपर्ती. 'पामुल' म्हणजे सापांचा. पुन्हा तीच षष्ठी. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेणाऱ्या आणि रामटेकमधून लोकसभेत गेलेल्या या माणसाचे आडनाव मराठी वाचकाने क्वचितच पूर्ण ऐकले असेल. सोलापुरात नेमके उलटे घडले. जे अक्षर होते ते पूर्ण शब्द झाले, पाट्यांवर आणि मतपत्रिकेवर चढले. १९८०, १९८४, १९८९, १९९१ आणि १९९६ अशा लागोपाठ पाच निवडणुकांत सोलापूरने लोकसभेवर तेलुगू घरनावाचाच माणूस पाठवला: दोनदा कुचन, दोनदा सादुल, एकदा वल्याळ. यांतले पहिले नाव पूर्ण वाचावे: गंगाधर सिद्रामप्पा कुचन. स्वतःचे नाव संस्कृत, बापाचे नाव सोलापूरच्या सिद्धरामाचे आणि कानडी वळणाचे, आडनाव तेलुगू घराचे, क्रम मराठी. या शहराचा भाषिक इतिहास शिकवताना आम्ही आता पाठ्यपुस्तकाच्या आधी हे नाव फळ्यावर लिहितो.

हे सारे आम्हाला सुचले ते एका विद्यार्थ्यामुळे. वडील वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रमागावर, आई विडी वळणारी. करीमनगरच्या बाजूला पणजोबांचे दोन खणांचे कौलारू घर होते, आणि त्याच्या वाटणीचा प्रश्न निघाला. तिकडच्या कागदावर पणजोबा 'वे.' या एका अक्षराने सुरू होत होते. इकडच्या मृत्यूच्या दाखल्यात ते 'येमुल' या शब्दाने संपत होते. मधले नाव तेवढे सारखे. तेथील कार्यालयाने सांगितले की ही दोन वेगळी माणसे आहेत. घराचे नाव बदलल्यामुळे घर जाण्याची वेळ आली होती.

मुलगा आमच्याकडे आला तो एक विचित्र विनंती घेऊन. 'सर, वेमुल आणि येमुल एकच, असं मराठी विभागाच्या कागदावर लिहून द्याल का?' आम्ही दोघा-तिघांनी बसून पत्र तयार केले. त्यात 'वे'चा 'ये' कसा होतो ते लिहिले, शब्दक्रमाचे लिहिले, षष्ठीचेही लिहिले. भाषाशास्त्रावरचे आमचे सर्वांत काळजीपूर्वक केलेले लेखन बहुधा तेच. कार्यालयाने ते फाइलला लावले आणि प्रतिज्ञापत्र मागितले. अखेर गावातल्या दोन वृद्धांनी अंगठे उठवले. मुलाने परत आल्यावर सांगितले की त्यांपैकी एका म्हाताऱ्याने पत्र वाचून घ्यायचा आग्रह धरला होता. मुलाने त्याला तेलुगूत अर्थ सांगितला. तो ऐकून घेऊन म्हणाला, इतके कशाला लिहिले, घराच्या मागे लिंब अजून आहे, तो दाखवायचा होता.