सागाच्या पानावरचे दोन पतंग

पावसाळ्याच्या अखेरीस मध्य भारतातील सागवने दुरून करपल्यासारखी दिसू लागतात. जवळ जाऊन पाहावे तर पाने झाडावरच असतात. शिरांची जाळी शाबूत आणि मधला हिरवा गर तेवढा खाल्लेला. ही करणी सागाची पाने जाळीदार करणाऱ्या अळीची. तिचा पतंग चिमुकला, पिवळा, पंखांवर गुलाबी-तांबूस नागमोडी रेषा मिरवणारा.

ब्रिटिश म्युझियममधील संग्रहाची सूची करताना फ्रान्सिस वॉकर यांनी १८५९ मध्ये अशा दोन पतंगांना स्वतंत्र नावे दिली : मॅकेरालिस आणि डॅमास्टेसालिस. वॉकर यांची ख्याती फारशी बरी नव्हती. एकाच कीटकाला पुनःपुन्हा नवे नाव देण्याबद्दल ते बदनाम होते. या ठिकाणी मात्र त्यांनी केलेला भेद खरा होता.

तो पुढे विसरला गेला. मॅकेरालिसची प्रजाती पायरॉस्टा, हपालिया, युटेक्टोना, पालिगा अशी बदलत राहिली. परंतु भारतापासून इंडोनेशियापर्यंत सागाच्या पानांची जाळी दिसली की दोष बहुधा मॅकेरालिसच्याच माथी लिहिला जाई. दोहोंच्या पंखांवरील नक्षी इतकी सारखी, आणि स्वतःतही इतकी बदलणारी, की नुसत्या डोळ्यांनी निवाडा होत नाही. त्यासाठी पतंगाचे उदर विलग करून कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळावे लागते. मऊ भाग विरघळतात, नराच्या जननेंद्रियांचे कठीण भाग उरतात, आणि त्यांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. विसाव्या शतकाच्या अखेरीस मलेशियातील नमुने असे तपासले गेले, तेव्हा तिथला पतंग डॅमास्टेसालिस असल्याचे दिसून आले.

हा केवळ नावाचा वाद नव्हे. केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या तरुण सागवनांत मोजमाप केले. हायब्लिया प्युरा ही दुसरी अळी कोवळी पालवी फस्त करते. तिच्यामुळे लाकडाची संभाव्य वाढ ४४ टक्क्यांनी घटली होती. जाळी करणारी अळी जून पानांवर येते. तिच्यामुळे वाढीत लक्षणीय घट आढळली नाही. हा दिलासा दुसऱ्या देशातील वनाधिकाऱ्याने घ्यावा का, हे तिथली अळी कोणती यावर अवलंबून आहे. कामगंध सापळ्याचेही तसेच : एका जातीचा गंध दुसरीला सहसा भुलवत नाही.

जुन्या नोंदींपैकी ज्यांचे टाचणीला खोचलेले पतंग संग्रहालयांत जपले गेले, त्यांची फेरतपासणी आजही शक्य आहे. जिथे केवळ जाळी झालेली पाने पाहून नाव लिहिले गेले, तिथे तपासायला काहीच उरलेले नाही.