लूपचा परित्याग
अमेरिकेतील बफेलो येथील डॉ. जॅक लिप्स यांनी सिद्ध केलेले, पॉलिथिलीनचे नागमोडी गर्भाशयांतर्गत साधन, म्हणजेच लूप, भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात 1965 मध्ये दाखल झाले. कानपूर येथे त्याचे उत्पादनही सुरू झाले. परंतु आरंभी लक्षावधी स्त्रियांनी स्वीकारलेले हे साधन पुढे अनेकींनी काढून घेतले आणि नव्याने बसवून घेणाऱ्यांची संख्याही लवकरच ओसरली. अतिरिक्त व लांबणारा रजःस्राव, कंबरदुखी आणि साधन आपोआप बाहेर पडणे ही या परित्यागाची प्रत्यक्ष कारणे होत. ज्या घरांत रजस्वलेस स्वयंपाक व देवपूजा वर्ज्य असे, तेथे स्रावाचे वाढलेले दिवस म्हणजे गृहव्यवहाराचाच खोळंबा होई. आधीच रक्तक्षयाने क्षीण झालेल्या देहाची हानी तर त्याहून गंभीर होती. या परित्यागाचा दोष स्त्रियांच्या अज्ञानावर लादणे अन्याय्य आहे. कारण जी यंत्रणा उद्दिष्टांचा आकडा दफ्तरी दाखल करण्यात तत्पर होती, तिने पूर्वतपासणी, त्रासाची आगाऊ कल्पना आणि नंतरची विचारपूस यांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, आणि या पोकळीतच साधनाविषयीच्या भयकारी अफवा फोफावल्या. पुढे लूपची जागा तांबीने (कॉपर-टीने) घेतली.